मीठ-व्हिनेगर मारूनही लव्हाळा परत का येतो? परसबागेतल्या चिवट तणांचं गणित

मीठ, व्हिनेगर आणि भांडी घासायचा साबण पाण्यात मिसळा, तणावर फवारा, काम झालं! असलं एखादं रील तुम्हीही पाहिलं असेल. करून बघितलं तर दुसऱ्या दिवशी पानं खरंच करपतात. पण पंधरा दिवसांत त्याच जागी नवे कोंब उभे असतात.

असं का होतं? कारण आपण मारतो पान, आणि तणाचं भांडवल असतं भलतीकडेच. राधानगरीसारख्या मुसळधार पावसाच्या गावात परड्यातली माती चार महिने ओली असते. तिथं हे भांडवल कुठं आहे, हे ओळखल्याशिवाय तण हटत नाही.

लव्हाळा : भांडवल गाठीत

लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण ते गवत नाही. दांडा बोटात फिरवून बघा, तीन धारा लागतील. जमिनीखाली बारीक दोऱ्यांनी जोडलेल्या गाठींची माळ असते. दिवाळीच्या उटण्यात पडणारा नागरमोथा तो हाच. आपण उपटतो तेव्हा पान हातात येतं, दोरा तुटतो आणि गाठी खालीच राहतात. माळ तुटली की झोपलेल्या गाठीही फुटायला लागतात. म्हणून अर्धवट उपटलेला लव्हाळा दुप्पट दाट येतो. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांवर १९७७ साली लिरॉय होम आणि सहकाऱ्यांनी जे पुस्तक लिहिलं, त्यात पहिला नंबर लव्हाळ्याचाच आहे.

त्याचं दुखणं दोन गोष्टींत आहे. कोंब वर आल्यावर साधारण महिन्याभराने तो नव्या गाठी धरतो. त्याआधीच, म्हणजे दर दोन आठवड्यांनी, खुरप्याने गाठीसकट काढत राहिलात तर जुन्या गाठीतला साठा संपत जातो. दुसरं म्हणजे त्याला सावली सोसत नाही. त्या वाफ्यात रताळी, भोपळा किंवा चवळी पसरू द्या. एका महिन्यात निकाल मिळणार नाही, एक-दोन हंगाम धीर धरावा लागेल.

हरळी : भांडवल काश्यांत

गणपतीला वाहतो त्या दुर्वा म्हणजे हरळीच. तिच्या जमिनीतल्या काश्यांच्या प्रत्येक पेराला डोळा असतो. भर पावसात कुदळ घातली तर एका काशीचे दहा तुकडे होतात आणि ओल मिळाली की दहाही रुजतात. म्हणून हरळी खणायची ती एप्रिल-मेच्या उन्हात. माती उलटी करा, काश्या वेचा आणि फरशीवर किंवा पत्र्यावर कडकडीत वाळवा. शेतकरी उन्हाळी नांगरट करून काश्या वेचतात, तेच परड्यात करायचं.

केना आणि गाजर गवत : भांडवल बियांत

केन्याची निळी फुलं आपल्याला दिसतात, पण तो जमिनीखालीही फुलं धरतो आणि तिथंच बी तयार करतो. उपटून वाफ्याच्या कडेला टाकला तर ओल्या मातीत पुन्हा मुळं धरतो. त्यामुळे तो मुळासकट काढून कोरड्या जागी वाळवावा. गाजर गवताचं एक झाड हजारो बिया टाकतं. ते फुलायच्या आत काढा, आणि हातमोजे घालून काढा. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दम्याचा त्रास होतो.

मग मीठ का नको?

घरातलं व्हिनेगर पान जाळतं, गाठीपर्यंत पोचत नाही. मीठ मात्र मातीत राहतं, नाहीतर पावसाबरोबर शेजारच्या वाफ्यात आणि विहिरीत जातं. मातीत क्षार साठले की काय होतं, हे आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळच्या क्षारपड जमिनींनी दाखवून दिलंय. तणनाशकही घरगुती उपाय समजू नका. ग्लायफोसेटचा माणसांना आणि जनावरांना धोका असल्याचं सांगत केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढला, की त्याचा वापर फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच व्हावा.

त्यापेक्षा उसाचं पाचट वापरा. काश्या वेचून झाल्या की पावसाच्या तोंडावर रोपांभोवती चार-पाच बोटं जाड थर द्या. उजेड न मिळाल्याने बियांतून येणारं बरंच तण दबतं. लव्हाळ्याची टोकदार पात मात्र पाचटातूनही वर येईल, तिला खुरपंच लागेल.

उपटलेलं तण टाकता कुठं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. ओढ्यात टाकलेली हरळी आणि केना पाण्याबरोबर खालच्या शेतात जाऊन रुजतात. आणि राधानगरीत कुंपणापलीकडे नुसतं रान नाही. गव्यांसाठी १९५८ पासून राखलेलं दाजीपूरचं अभयारण्य शेजारी आहे, आणि २०१२ पासून ते जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. रानोमाळ माजलेली घाणेरी भारतात आली ती बागेतलं शोभेचं झाड म्हणूनच. पक्ष्यांनी तिची फळं खाल्ली आणि बी जंगलात नेलं. ती दाटली की खालचं गवत मरतं आणि गव्यांचा चारा कमी होतो.

म्हणून काढलेलं तण आधी पूर्ण वाळवा, मगच खतात घाला. लव्हाळ्याच्या गाठी आणि बी धरलेलं तण मात्र खतात नकोच. आणि पुढच्या वेळी खुरपं उचलण्याआधी एकच विचारा : या तणाचं भांडवल कुठं आहे?