ठसका न लावणारी धूळ

कळमन्यात राहणाऱ्या माणसाला धुळीची भीती कोणी घालू नये! मिरचीच्या मोसमात मार्केट यार्डाकडून वारा सुटला, की आमची सारी गल्ली शिंकू लागते. नवा पाहुणा डोळे पुसू लागला, की आम्हां जुन्या मंडळींना हसू आवरत नाही. पण त्या धुळीचा एक गुण मानला पाहिजे. ती आल्याची वर्दी देते. दुसरी एक धूळ मात्र माझ्या घरात बारा वर्षे मुक्काम करून होती, आणि तिने कधी साधी शिंकही आणली नाही.

ती आली सोफ्याबरोबर. माझा पुतण्या कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून परतला, तो सगळा संसार कंटेनरात घालून. त्याच्या नव्या फ्लॅटात सोफा मावेना, म्हणून तो आमच्याकडे आला. अमेरिकेचा सोफा! शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बसून पाहिला, दाबून पाहिला. पुढे शिवण उसवली आणि आतला फोम पिवळ्या भुग्यासारखा गळू लागला. आमच्या सौ. रोज झाडीत आणि कुरकुरत, एवढेच.

गेल्या उन्हाळ्यात नात रांगू लागली. रांगत्या मुलाचा हात सतत जमिनीवर, नाही तर तोंडात. एके दिवशी ती हा भुगा चाखताना सापडली! योगायोगाने रसायनशास्त्र शिकवणारी माझी भाची त्या दिवशी आली होती. तिने सोफा उलटा केला आणि खालची पट्टी वाचली. 'कॅलिफोर्निया, बुलेटिन ११७.'

"मामा, कधीचा हो हा?"

"२००२ सालचा असेल."

तिचा चेहरा उतरला.

गोष्ट अशी. १९७५ पासून कॅलिफोर्नियात नियम होता, की सोफ्याच्या फोमने उघड्या ज्योतीपुढे बारा सेकंद टिकाव धरावा. त्यासाठी कारखानदार फोममध्ये ब्रोमीनयुक्त रसायने घालीत, तीही वजनाच्या शेकडा चार-पाच भाग! हे रसायन फोमशी जोडलेले नसते. चिवड्यात मीठ टाकावे तसे नुसते मिसळलेले असते. फोम जुना झाला, की ते सुटून घरच्या धुळीत बसते आणि पोटात गेले, की चरबीत वर्षानुवर्षे मुक्काम करते. त्याची घडण थायरॉइडच्या रसासारखी; आयोडीनच्या जागी ब्रोमीन. बाळाच्या मेंदूची वाढ याच रसावर अवलंबून. गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात हे द्रव्य अधिक होते, त्यांच्या मुलांची बुद्धिमापन चाचणी काहीशी उणी आल्याचे अमेरिकेतल्या अनेक पाहण्यांत दिसले. स्वीडनमध्ये जपून ठेवलेले आईच्या दुधाचे नमुने तपासले, तेव्हा १९७२ ते १९९७ या काळात त्याचे प्रमाण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलेले आढळले. आईचे दूध हो!

या प्रकरणात एक बाई मला फार आवडल्या. आर्लिन ब्लम. १९७७ साली त्यांनी व ब्रूस एम्स यांनी मुलांच्या झोपायच्या कपड्यांतल्या 'ट्रिस' नावाच्या अशाच द्रव्याविरुद्ध आवाज उठवला आणि त्याच वर्षी त्यावर बंदी आली. पुढल्या वर्षी बाई महिलांची तुकडी घेऊन अन्नपूर्णा शिखरावर निघाल्या! पुढे कित्येक वर्षांनी त्याच ट्रिसचे भावंड सोफ्यांत सापडले, तेव्हा त्या पुन्हा उभ्या राहिल्या.

आगीची भीती मलाही आहे. बारदानाच्या थप्प्यांशेजारी आयुष्य गेले. पण सोफ्याचे आधी कापड पेटते, आणि तेवढ्या मोठ्या ज्वाळेपुढे फोमचे बारा सेकंद काय टिकणार? उलट धूर अधिक विषारी होतो. २०१३ साली कॅलिफोर्नियानेच नियम बदलला. आता धुमसत्या सिगारेटची कसोटी लावतात आणि ती रसायनावाचून पार पडते. आपल्याकडेही २०१८ च्या नियमांनी यांतल्या काही द्रव्यांवर बंदी घातली. पण कायदा दारात येणाऱ्याला अडवतो. घरात आधीच लोड टेकून बसलेल्याला कोण उठवणार?

आम्ही उठवला. आता केरसुणीऐवजी ओले फडके फिरते आणि नातीचे हात जेवणाआधी धुतले जातात. पोरगी ठणठणीत आहे, डॉक्टरांनी पाहिले. भंगारवाला फोमचे दोनशे रुपये द्यायला तयार होता. "कुठे जाईल हा?" मी विचारले. म्हणाला, "कातरून उशा भरतात जी." जाळावा, तर धुराचे भय. शेवटी सोफा प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून गच्चीवर ठेवला आहे. दर रविवारी खालून हाक येते, "काकाजी, देता का आता?"