दुकान, संसार आणि स्वमग्न मूल

नोकरदारास रजा मिळते. दुकानदारास ती स्वतःच्या खिशातून विकत घ्यावी लागते. ज्या घरी स्वमग्न मूल आहे, तेथील दुकानदारास याचा अर्थ अधिकच उमजतो. वाचोपचाराची वेळ नेमकी गिऱ्हाइकीच्या वेळी येते, आणि दुकान बंद राहिले की त्या दिवसाची कमाईही बंद.

आमचे इंदुरात कागद, वह्या व लग्नपत्रिकांचे लहानसे दुकान आहे. मुलगा आता एकवीस वर्षांचा आहे. तो मोजके बोलतो, परंतु शंभर पाकिटांच्या गठ्ठ्यात एक कमी असले तर त्याच्या बोटांस ते प्रथम कळते.

स्वमग्नता हा संसर्गाने येणारा रोग नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतील ते वेगळेपण आहे, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. नावाने हाक मारली तरी मूल वळत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही, वस्तू ओळीने मांडीत बसते, ही तिची काही प्रारंभिक चिन्हे. अमेरिकेतील डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेकडे लक्ष वेधले. पुढे कित्येक वर्षे आईच्या थंडपणावर दोष ठेवला गेला. स्वतः स्वमग्न मुलाचे पिता असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात या मताचे खंडन केले. तरीही आपल्याकडे सुनेस बोल लावणाऱ्या जिभा अद्याप थांबलेल्या नाहीत.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या घरांत आणखी एक प्रश्न उभा राहतो. घरी मराठी, बाजारात हिंदी, शाळेत इंग्रजी! "मुलाचा गोंधळ होईल, मराठी सोडा," असा सल्ला पुष्कळदा मिळतो. परंतु दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांची वाचा अधिक मागे पडते, असे संशोधनात आढळलेले नाही. आजीची भाषा काढून घेतली तर मुलाचे आजीशी असलेले नातेच तुटते. आमच्या घरी मराठी राहिली, आणि मुलाचा पहिला स्पष्ट शब्द "आजी" हाच होता.

दुकानाचे काही उपकारही आहेत. तेथे वेळेचे मालक आपण असतो. सकाळी गर्दी नसताना मुलगा येतो. भिंतीवरील चित्रांच्या पाटीवर कामांचा क्रम असतो: केर, पाकिटे, जेवण, घर. क्रम बदलावयाचा तर आदल्या दिवशी चित्र बदलावे लागते. लगीनसराईत त्यास मागच्या खोलीत बसवितो. रंगपंचमीस राजवाड्यावरून गेर निघते, तेव्हा त्या ढोलांचा आवाज त्यास असह्य होतो. म्हणून त्या दिवशी आम्ही गाव सोडतो.

डेन्मार्कमधील टोरकिल सोने यांनी मुलाच्या स्वमग्नतेचे निदान झाल्यानंतर २००४ साली स्वतःची संस्था काढली. संगणकप्रणाली तपासण्याच्या बारकाव्याच्या कामावर त्यांनी स्वमग्न माणसे नेमली. सर्वांनाच असे कौशल्य असते असे नव्हे. पण जे आहे त्याला अनुरूप काम शोधावे, हा धडा लहान दुकानासही लागू पडतो.

खरी काळजी रात्री हिशेबाची वही मिटल्यावर सुरू होते: आमच्यामागे याचे कोण? मूल अठरा वर्षांचे झाल्यावर आईबापही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावे लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. यास्तव दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र वेळीच काढावे. जुनी करपद्धती निवडणाऱ्यास त्या आधारे उत्पन्नातून ७५,००० रुपयांची, तीव्र दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावटही मिळते. मृत्युपत्र करणे अशुभ मानू नये. दुकान कोणाकडे जाईल आणि त्यातून मुलाचा खर्च कसा चालेल, हे त्यात निःसंदिग्ध लिहावे. बहिणीवर भार गृहीत धरू नये. तिला विचारून ठरवावे.

वाचकहो, एखाद्या दुकानात असा मुलगा आपणांस सुटे पैसे मोजून देताना दिसला, तर घाई करू नका. नजर भिडवीत नाही म्हणून तो उद्धट समजू नका. त्याचे मोजणे संपेपर्यंत थांबा. पैसे बरोबर असतील.