निमुळता पाय आणि सुताराचा अंगठा

एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाडी बेताबेताने कमी होत गेली, की त्या वस्तूस आपण निमुळती म्हणतो. यातले मर्म आमच्या शेतकऱ्याला पूर्वापार ठाऊक आहे. टिकावाचा दांडा डोक्याकडे जाड ठेवतात; म्हणून घाव घालताना टिकाव निसटू पाहतो तेव्हा तो उलट अधिकच घट्ट बसतो. भोसरीचा लेथवाला यालाच टेपर म्हणतो. मोर्स टेपरचा उतार सुमारे विसास एक असतो आणि नुसत्या घर्षणाने हत्यार धरून ठेवतो. फाउंड्रीतला पॅटर्नमेकर लाकडी पॅटर्नला एक-दोन अंशांचा उतार देतो, म्हणजे वाळूचा साचा न ढासळता पॅटर्न वर उचलता येतो.

फर्निचरमध्ये मात्र निमुळतेपणा येतो तो वजन आणि डौल यांसाठी. टेबलाचा पाय ७५ सेंटिमीटर उंच आणि ५ सेंटिमीटर चौरस आहे असे धरा. वरचे १२ सेंटिमीटर चौरसच ठेवावेत, कारण तेथे आडव्या पट्ट्या येऊन मिळतात. उरलेल्या ६३ सेंटिमीटरांत तळाशी ३ सेंटिमीटर उरतील असा उतार द्यावा, आणि तोही आतल्या दोनच बाजूंना. बाहेरच्या बाजू सरळ राहिल्या की टेबल भक्कम दिसते. खाचा आधी पाडून घ्याव्यात. पाय चौरस असतो तोवरच तो नीट धरता येतो.

हाताने करायचे तर रेघ मारून, करवतीने कापून, जाड बाजूकडून बारीक बाजूकडे रंधा मारावा. उलट मारल्यास रेषा उचकटतात. गोल करवतीच्या यंत्रावर हेच काम मिनिटात होते. पण धोका आहे तो तेथेच. २५ सेंटिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर होतो. तिरका पाय नुसत्या हाताने ढकलला, की तो पाते आणि बाजूची मार्गपट्टी यांत अडकतो, उसळून मागे येतो आणि हात पात्यावर जातो.

उपाय अगदी साधा आहे. एक सरळ कडेची फळी घ्यावी. पायावरची रेघ फळीच्या कडेशी जुळवून पाय तिच्यावर ठेवावा, मागे आणि बाजूला अडसर ठोकावेत, वरून दोन पकडी आवळाव्यात. आता मार्गपट्टीला घासत जाते ती फळी. हात पात्यापासून दूर राहतात. दुसरी बाजू कापताना कापलेली बाजू वर करावी, म्हणजे पाय सपाट बसतो. पात्यामागची फाळ-पट्टी आणि वरचे झाकण काढू नये. एकदा केलेल्या फळीवर शंभर पाय एकसारखे निघतात.

मग ही फळी प्रत्येक शेडमध्ये का दिसत नाही? लाकूड महाग आहे म्हणून नव्हे, तर ती करायला लागणाऱ्या अर्ध्या तासाची मजुरी कोणी द्यायची हे ठरलेले नाही म्हणून. पिंपरीपासून चाकणपर्यंत लहान शेडांत नगावर काम करणाऱ्या माणसाचा तो अर्धा तास स्वतःच्या खिशातून जातो.

कायद्याचा हिशेब पाहा. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने अंगठा गेल्यास कमाईची ३० टक्के शक्ती गेली असे धरले, अख्खी तर्जनी गेल्यास १४ टक्के. परंतु अंगठ्यावाचून रंधा धरायचा कसा, हे कोष्टकात लिहिलेले नसते. १९४८ च्या मूळ कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेस १० कामगारांची मर्यादा होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या संहितेत ती २० झाली. तीन-चार सुतारांची शेड दोन्हींच्या बाहेरच राहते.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच आहे. मालकांनी फळी करण्याचा वेळ कामाचा वेळ म्हणून मजुरीत धरावा. परप्रांतातून आलेल्या कारागिराला ही रीत त्याच्या भाषेत दाखवावी. आणि टेबल विकत घेणाऱ्या नागरिकांनीही भाव पाडताना ध्यानात ठेवावे, की पाडलेल्या भावातून पहिल्यांदा कापला जातो तो हाच अर्धा तास.