पुंगळ्यांची साक्ष

ऑगस्ट १९८३ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, लिटल बिगहॉर्न नदीकाठच्या टेकड्यांवर वणवा पेटला. दाट गवत आणि झुडपं जळून गेली आणि कित्येक वर्षं झाकलेली जमीन उघडी पडली. रिचर्ड फॉक्स हे पुरातत्त्वज्ञ त्या करपलेल्या रानातून हिंडले, तेव्हा इथे अजून पुष्कळ काही शिल्लक आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. याच टेकड्यांवर २५ जून १८७६ रोजी सातव्या घोडदळाचा लेफ्टनंट कर्नल जॉर्ज कस्टर आणि त्याच्या पाच कंपन्यांतले सुमारे २१० जण लाकोटा आणि शायेन योद्ध्यांच्या हातून मारले गेले होते.

कस्टरबरोबर राहिलेला एकही सैनिक हकिगत सांगायला वाचला नाही. ती जागा दंतकथेने भरून काढली. टेकडीच्या माथ्यावर अखेरच्या गोळीपर्यंत झुंजणारा वीर, भोवती त्याचे निष्ठावंत शिपाई. १८९६ साली एका बिअर कंपनीने या प्रसंगाचं रंगीत चित्र छापून दारूच्या गुत्त्यागुत्त्यांत लावलं आणि अमेरिकेच्या मनात तीच लढाई पक्की झाली. कस्टरची पत्नी एलिझाबेथ १९३३ पर्यंत जगली आणि नवऱ्याची कीर्ती जपत राहिली; त्यासाठी तिने पुस्तकंही लिहिली.

साक्षीदार मात्र होते, आणि शेकड्यांनी होते. रेड हॉर्स या लाकोटा योद्ध्याने १८८१ साली ४२ चित्रं काढून लढाई सांगितली. टू मून आणि वुडन लेग हे शायेन योद्धे बोलले. केट बिगहेड ही शायेन बाई भाच्याला हुरूप देणारी गाणी म्हणत रणाच्या कडेने फिरली होती, तिनेही पाहिलेलं सांगितलं. यांतल्या अनेकांच्या बोलण्यात सैनिकांची फळी मोडल्याचं, गोंधळाचं आणि पळापळीचं वर्णन होतं. ते शत्रूचं बोलणं, त्यात तोंडी आणि दुभाष्यांमार्फत आलेलं, म्हणून इतिहासकारांनी ते बाजूला ठेवलं. अस्सल कागदाशिवाय इतिहास नाही, हा इतिहासाचार्य राजवाड्यांचा आग्रह आपल्या हाडीमांसी खिळलेला आहे आणि तो योग्यही आहे. पण एका बाजूचे सगळे मेलेले आणि दुसऱ्या बाजूला कागदाची रीतच नाही, अशा वेळी कोणाला विचारायचं?

१९८४ आणि १९८५ मध्ये डग्लस स्कॉट, फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीला विचारलं. मेटल डिटेक्टर घेतलेले स्वयंसेवक ठरावीक अंतराने एका ओळीत चालत. यंत्र वाजलं की तिथे छोटं निशाण रोवलं जाई. मागून येणारे खुरप्याने माती सारून वस्तू उघडी करत, पण जागची हलवत नसत. मग मोजणीवाले येऊन तिचं नेमकं ठिकाण टिपत. गोळी असेल तर ती किती खोल आहे आणि तिचं तोंड कुठल्या दिशेला आहे, हेही लिहून घेत. गुन्ह्याच्या जागेचा पंचनामा करावा तसं हे काम होतं आणि पुढची तपासणीही पोलिसी प्रयोगशाळेतलीच होती.

एक रिकामी पुंगळी हातात घ्या. बंदुकीची फायरिंग पिन तिच्या बुडावर आपटते तिथे खळगा पडतो. हा खळगा बंदुकीगणिक वेगळा असतो. हेन्री रायफलच्या पुंगळीच्या कडेवर तर पिनेच्या ठोक्यांची जोडीच दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन पुंगळ्या शेजारी ठेवल्या की त्या एकाच बंदुकीतून सुटल्या का ते कळतं. तीच बंदूक आधी एका उतारावर आणि मग पलीकडच्या कड्यावर झाडली गेल्याचं दिसलं, तर तिची वाट नकाशावर काढता येते.

रणभूमीवरच्या कॅलहून टेकडीजवळ एका उंचवट्यावर हेन्रीच्या पुंगळ्या इतक्या सापडल्या की संशोधकांनी त्याचं नावच 'हेन्रीव्हिल' ठेवलं. सैनिकांकडे एका वेळी एकच काडतूस भरायची स्प्रिंगफील्ड कार्बाईन होती. समोर चाळीसहून अधिक प्रकारची हत्यारं होती आणि त्यांत एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या रायफलीही होत्या. कार्बाईनमध्ये पुंगळ्या अडकल्या म्हणून पराभव झाला, ही जुनी सबबही टिकली नाही. ओढून काढल्याच्या खुणा पाच टक्क्यांहून कमी पुंगळ्यांवर होत्या.

कॅलहून टेकडीवर सैनिकांची शिस्तीतली फळी पुंगळ्यांवरून ओळखू येते. पुढे ती रचना विस्कटत जाते, आणि चित्रातल्या त्या माथ्यावर सैनिकी पुंगळ्या थोड्याच मिळाल्या. यावरून फॉक्स यांनी १९९३ च्या ग्रंथात मांडलं की निकराची अखेरची झुंज अशी झालीच नाही. तुकड्या कोसळत गेल्या. हे सगळ्यांना पटलेलं नाही, आणि आक्षेपात तथ्य आहे. १८८१ मध्ये स्मारक उभं राहिलेल्या त्या माथ्यावर वर्षानुवर्षं लोकांची वर्दळ होती; आठवण म्हणून गोळ्या वेचणाऱ्यांनी किती पुरावा खिशात घालून नेला असेल! तरीही मला फॉक्स यांची बाजू वजनदार वाटते, कारण रेड हॉर्सने शंभर वर्षं आधी सांगितलेलं आणि मातीने दाखवलेलं एकमेकांशी जुळतं.

सैनिक पडले तिथे १८९० मध्ये पांढरे दगड बसवले गेले. दगड अडीचशेच्या आसपास, मेलेले २१०. पुष्कळ दगड जोडीने उभे आहेत, पण खणल्यावर जोडीखाली बहुधा एकाच माणसाची हाडं निघाली. १८७६ मध्ये घाईने पुरताना दोन्ही बाजूंची माती प्रेतावर ओढली होती. त्यामुळे पडलेले दोन्ही खड्डे नंतरच्या लोकांनी दोन थडगी समजून घेतले. एका दगडापाशी चेहऱ्याच्या हाडांचे तुकडे आणि दात मिळाले. दात पाईप ओढून झिजलेले होते. हाडांवर छायाचित्र जुळवून पाहिलं तेव्हा तो मिच बोयर निघाला. आई सँटी सू जमातीची, बाप फ्रेंच वंशाचा, काम सैन्याच्या वाटाड्याचं. डीप रॅव्हिन या घळीत २८ सैनिकांची प्रेतं असल्याचं पुरणाऱ्यांनीच सांगितलं होतं. ती मात्र सापडलेली नाहीत.

या मैदानाचं 'कस्टर' हे नाव १९९१ मध्ये कायद्याने काढून नदीचं दिलं गेलं, आणि २००३ मध्ये तिथे आदिवासी योद्ध्यांचं स्मारक झालं. माझ्या लेखी त्याहून मोठा बदल कोलोरॅडोत झाला. सँड क्रीकला नोव्हेंबर १८६४ मध्ये सैन्याने शायेन आणि अरापाहो वस्तीवर हल्ला करून दीडशेहून अधिक माणसं मारली होती. त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. १९९९ मध्ये ती जागा शोधताना डिटेक्टर चालवणाऱ्यांच्या बरोबरीने वंशजांकडून घराण्यात चालत आलेल्या हकिगतीही नोंदवून घेतल्या गेल्या. जमिनीतून तोफगोळ्यांचे तुकडे, बंदुकीच्या गोळ्या आणि मोडलेली भांडीकुंडी निघाली. २००७ मध्ये ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून लोकांना खुली झाली.