पहिल्या चार पटाश्या

‘कातीव’ हा शब्द आपण वर्गात कितीदा तरी ऐकतो. कातीव कडा, कातीव चेहरा, कातीव वाक्य. पण ज्या कामातून तो शब्द आला ते काम मी गेल्या दिवाळीपर्यंत जवळून बघितलंसुद्धा नव्हतं. लाकूड यंत्रावर गरगर फिरवायचं आणि त्याला पटाशी लावून गोल आकार द्यायचा, याला कातणं म्हणतात. ते करणारा तो कातारी. आपल्या घरातलं लाटणं, पाळण्याचे गोल दांडे, खाटेचे पाय, पोरांचे भोवरे ही सगळी कातीव कामं.

निमित्त झालं आजीच्या लाटण्याचं. निपाणीला सुट्टीत गेलो तर ते मधोमध चिरलेलं. बाजारातून नवीन आणून दिलं, पण आजी म्हणाली, “हे हाताला लागत नाही रे. माझं मधे जाड होतं, कडेला निमुळतं.” काकांच्या फर्निचरच्या दुकानामागे एक जुना लेथ धूळ खात पडला होता. म्हटलं, आपणच करू की! आठ पटाश्यांचा एक स्वस्त संच ८०० रुपयांना मागवला आणि कामाला लागलो.

दुसऱ्याच दिवशी पटाशीचं टोक लाकडात अडकलं. खाडकन आवाज आला, पातं मुठीपाशी मोडलं आणि लाकडाचा तुकडा चष्म्यावर येऊन आदळला. काचेला तडा गेला, डोळा वाचला. चष्मा नसता तर हा लेख लिहायला मी कुठला?

काका मला गावातल्या एका म्हाताऱ्या कातारी मामांकडे घेऊन गेले. मोडलेली पटाशी त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, “आरं लेका, ही नक्षी कोरायची पटाशी. फिरत्या लाकडाला ही लावत्यात व्हय?”

“पण मामा, संचावर लेथचं चित्र होतं ओ.”

“चित्र असंल. पोलाद कुठाय?”

त्या दिवशी त्यांनी जे समजावलं ते नव्याने शिकणाऱ्यासाठी इथे मांडतो.

पहिली गोष्ट, सुताराची पटाशी आणि कातणाऱ्याची पटाशी वेगळी. सुताराचं लाकूड जागेवर असतं, जोर त्याच्या हातात असतो. लेथवर जोर लाकडाचा असतो. पटाशी लोखंडी टेकणावर ठेवलेली असते आणि तिचं टोक टेकणाच्या पुढे येतं. म्हणजे ती तरफच झाली. टोक जेवढं पुढे, तेवढा धक्का मोठा. म्हणून या पटाशीचं पातं जाड आणि मूठ चांगली लांब असते. टेकण लाकडापासून बोटभरापेक्षा लांब ठेवायचं नाही, आणि यंत्र सुरू करण्याआधी लाकूड हाताने एकदा फिरवून बघायचं.

दुसरी गोष्ट, आठ नकोत, चार पुरेत. लाटणं, भोवरा, दांडा अशा लांबट कामासाठी ह्या चार घ्या:

१. मोठी गोल पटाशी, म्हणजे रफिंग गाऊज, २० ते २५ मिलिमीटर रुंद. चौकोनी लाकूड गोल करायला. ही वाटी किंवा वाडगा कोरायला कधीही वापरायची नाही. तिथे लाकडाचे आडवे रेषे तिला खेचून घेतात आणि मुठीत गेलेलं तिचं अरुंद शेपूट मोडू शकतं.

२. लहान गोल पटाशी, म्हणजे स्पिंडल गाऊज, १० मिलिमीटरची. मणी आणि खोलगट गळे काढायला.

३. पार्टिंग टूल, ३ मिलिमीटर जाडीचं. माप धरून खाच पाडायला आणि शेवटी तुकडा वेगळा करायला.

४. तिरकी पटाशी, म्हणजे स्क्यू, २० मिलिमीटरची. लाकूड गुळगुळीत करणारी हीच, आणि नवख्याला सगळ्यात जास्त दणके देणारीही हीच. आधीच्या तिघींशी मैत्री झाल्यावर हिला हात लावा.

वाडगे करायचे असतील तर बोल गाऊज नावाची वेगळी पटाशी लागते. ती नंतर घेता येते.

तिसरी गोष्ट पोलादाची. पात्यावर ‘एचएसएस’, म्हणजे हायस्पीड स्टील, लिहिलंय का बघा. साधं कार्बन पोलाद दगडावर धार लावताना तापलं आणि निळं पडलं की तिथला कडकपणा गेला. हायस्पीड स्टील सुमारे ६०० अंशांपर्यंत कडक राहतं, त्यामुळे शिकाऊ हातांच्या चुका सोसतं. कार्बनचं पातं धार लावताना पाण्यात बुडवत राहायचं. हायस्पीडचं तापलेलं पातं मात्र बुडवायचं नाही, बारीक तडे जाऊ शकतात.

चौथी गोष्ट कुणी सांगत नाही. दुकानातून आलेली पटाशी बहुतेक वेळा कामाला तयार नसते. म्हणून सगळे पैसे पटाश्यांवर घालवू नका, ग्राइंडरसाठी राखून ठेवा. मिनिटाला साधारण २८०० फेऱ्यांपेक्षा १४०० फेऱ्यांचा ग्राइंडर बरा आणि त्यावर पांढरा दगड. मोठ्या गोल पटाशीचा उतार ४५ अंशांच्या आसपास, लहानीचा त्याहून थोडा निमुळता. मामा दर दहा-पंधरा मिनिटांनी उठून धार लावायचे. मला तो वेळ वाया जातोय असं वाटायचं. पण बोथट पटाशीला आपण जोर लावतो, आणि जोर लावला की ती अडकते. माझं नेमकं तेच झालं होतं.

आता लाकूड. साग आपल्याकडे सहज मिळतो, पण त्याच्यात वाळूसारखे सूक्ष्म कण असतात, धार लवकर जाते. शिकायला आंब्याच्या किंवा सिल्व्हर ओकच्या ओल्या फांद्या उत्तम. आपल्याच राज्यातल्या चन्नपट्टणचे कारागीर खेळण्यांसाठी काळ्या कुड्याचं हलकं, बारीक पोताचं लाकूड घेतात. ते फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात आणि केवड्याच्या पानाने चकाकी आणतात.

कामाला बसताना चेहऱ्यावर पारदर्शक ढाल आणि नाकाला मास्क हवाच. हातमोजे, मफलर, ओढणी, सैल बाही यांतलं काहीही नको.

मामांनी सगळ्यात शेवटी एकच मंत्र दिला: “आधी टेकव, मग घास, मग काप.” पटाशी आधी टेकणावर टेकवायची, मग तिचा उतार लाकडावर नुसता घासू द्यायचा, मग मूठ हळूच उचलून धार लावायची. माझी धार लाकडाला आधी लागली होती, पटाशी टेकणावर नंतर.

मामांकडे आता शिकायला कुणी येत नाही. त्यांच्या पेटीतल्या पटाश्या धार लावून लावून बोटाएवढ्या उरल्यात. कन्नड गिऱ्हाईक आलं की ते तिला ‘उळी’ म्हणतात, आपल्याशी बोलताना ‘पटाशी’. हत्यार एकच. ज्यांना शिकायचंय त्यांनी आपल्या गावातला असा माणूस आधी शोधा, खरेदी नंतर.

माझी तीन लाटणी वाया गेली, चौथं जमलं. आजीने त्यावर पुरणपोळी लाटली आणि म्हणाली, “डावीकडं जरा जाड राहिलंय बघ.” मी परत लेथवर चढवायला निघालो, तर तिने ते हातातून सोडलंच नाही.