भरल्या घरांतील एकटेपणा

आपल्या एकत्र कुटुंबांत वृद्धांस मान असतो, वेळेवर अन्न मिळतें, आजारांत शुश्रूषा होते. मग तेथें आत्मघाताचा विचार शिरणार कोठून, असें आपणांस वाटतें. मलाहि तसेंच वाटे. परंतु माझे एक निवृत्त शिक्षकमित्र पत्नीच्या निधनानंतर वर्षभरानें माझ्याकडे आले, आणि जन्मभर वापरलेली अमरकोशाची प्रत माझ्या हातीं ठेवून म्हणाले, "मला आतां हिचा उपयोग नाहीं." मीं ती आनंदानें कपाटांत ठेविली. त्या बोलण्याचा अर्थ मला उमगला नाहीं. तो उमगला त्यांच्या सुनेस.

जगांत प्रतिवर्षीं सात लाखांहून अधिक माणसें आत्महत्या करितात, आणि अनेक देशांत हें प्रमाण वृद्धांत सर्वांत अधिक आहे. तरुणांच्या मानानें वृद्धांचे असे प्रयत्न थोडे असतात, पण ते अधिक निश्चयाचे असतात; शरीर दुर्बळ असल्यानें त्यांतून वांचणेंहि कठीण जातें. म्हणून उपाय आधींच झाला पाहिजे.

कारण एकच नसतें. सहचराचा वियोग, दीर्घ दुखणें, मंदावलेली दृष्टि वा श्रवण, निवृत्तीनें गेलेला अधिकार, मद्यासक्ति, पूर्वीं केलेला तसा प्रयत्न, यांपैकीं अनेक गोष्टी एकत्र येतात. आणि त्यांच्या मुळाशीं पुष्कळदां विषण्णतेचा विकार असतो. वृद्ध मनुष्य "मी दुःखी आहें" असें सहसा म्हणत नाहीं. झोप येत नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, अंग दुखतें, असें म्हणतो. "वय झालें" म्हणून आपण स्वस्थ बसतों. परंतु हा विकार वार्धक्याचा धर्म नव्हे. योग्य उपचारानें तो बरा होऊं शकतो. त्यांतच "मी घरावर भार झालों" असे उद्गार, औषध टाळणें, प्रिय वस्तु वाटून टाकणें, हीं लक्षणें दिसूं लागलीं तर विलंब करूं नये.

विचारपुशीचें सामर्थ्य किती, याचें उदाहरण इटलींत आहे. उत्तरेकडील व्हेनेतो प्रांतांत वृद्धांस दूरध्वनीवरून आठवड्यांतून सुमारें दोनदां कुशल विचारण्याची, व अडचणींत त्यांस मदत मागवितां येण्याची योजना होती. १९८८ ते १९९८ पर्यंतचा तिचा हिशेब २००२ सालीं प्रसिद्ध झाला. १८,६४१ वृद्धांत तेथील सर्वसाधारण प्रमाणानें सुमारें २१ आत्महत्या अपेक्षित होत्या, झाल्या ६. लाभ विशेषतः स्त्रियांत दिसला. तेव्हां पुरुषांविषयीं अधिकच दक्षता हवी. परक्याच्या विचारपुशीनें जर एवढें साधतें, तर एका छपराखालीं राहणारांनीं काय करूं नये?

माझ्या मित्रांच्या सुनेनें एके दुपारीं जवळ बसून स्पष्टच विचारलें, "मामंजी, जीव नकोसा झाला आहे का? मरणाचे विचार मनांत येतात का?" ते ढळढळां रडले. असें विचारल्यानें तो विचार मनांत भरतो, ही समजूत निराधार आहे. उलट मन हलकें होतें. तिनें उपदेश केला नाहीं, ऐकून घेतलें. त्यांस एकटें ठेविलें नाहीं, औषधांचा सांठा व घातक वस्तु कुलुपांत ठेविल्या, आणि दुसऱ्याच दिवशीं पतीसह त्यांस मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेलें.

यांत लाज वा कायद्याचें भय बाळगूं नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणें असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र तणावाखालीं होता असेंच गृहीत धरलें जातें, व त्याचे उपचार हें सरकारचें कर्तव्य ठरतें. सरकारच्या 'टेली मानस' सेवेशीं १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलतां येतें.

सहा महिन्यांनीं मित्रांनीं अमरकोश परत मागितला. नातवाकडून पाठ करवून घ्यावयाचा होता. मीं तो स्वतः पोंचविला, आणि पूर्वीं जें विचारावयाचें राहिलें होतें तें या वेळीं शेजारीं बसून विचारलें: "मन कसें आहे?"