गलिव्हर, ग्लॅडस्टन आणि तो अंधारा जिना

गेल्या दिवाळीतली गोष्ट. पुणे स्टेशनवर उतरले आणि पाहते तो काय, मोबाइल बंद! चार्जिंगच संपलेलं. लेक न्यायला येणार होती, पण नेमकी कुठे उभी राहणार ते फोनवरच ठरायचं होतं. बाकावरचा एक मुलगा मोठा भला. म्हणाला, "आजी, माझ्या फोनवरून लावा ना. नंबर सांगा." मी तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. पोटच्या मुलीचा नंबर मला येईना!

आणि गंमत बघा, त्याच क्षणी दुसराच एक नंबर जिभेवर आला. साठ वर्षांपूर्वीचा, लंडनमधला. "गलिव्हर" आणि पुढे चार आकडे. मुलगा बुचकळ्यात पडला. "गलिव्हर काय, आजी?" त्याला काय सांगणार? जिचा नंबर मला आठवत नव्हता, त्याच मुलीच्या जन्माच्या रात्री हा गलिव्हर माझ्या मदतीला धावून आला होता.

लेक शेवटी शोधत शोधत आलीच. पण त्या रात्री मला झोप लागेना. म्हटलं, ही हकिकत एकदा तुम्हा मैत्रिणींना सांगून टाकावी.

ग्लॅडस्टन म्हणजे गाव?

१९६३ साली लग्न होऊन मी लंडनला गेले. माहेर तालुक्याच्या गावचं. तिथे फोन दोघातिघांकडेच. रिसीव्हर उचलायचा आणि ऑपरेटरला "डॉक्टरांकडे द्या हो" म्हणायचं, की झालं. लंडनला आम्ही क्रिकलवुड भागात दोन खोल्यांत राहत होतो. घरमालकीणबाई आयरिश, पन्नाशीच्या, एकट्या. खाली जिन्याजवळ भिंतीवर पैसे टाकून बोलायचा फोन. त्याला 'ए' आणि 'बी' अशी दोन बटणं. आधी मोठाल्या पेन्या टाकायच्या, मग नंबर फिरवायचा. पलीकडून आवाज आला की 'ए' दाबायचं. कोणी उचललं नाही, तर 'बी' दाबून पैसे परत. माझे कितीतरी पैसे नुसत्या घाबरण्यापायी 'ए'त गेले!

त्या फोनच्या तबकडीवर प्रत्येक भोकात आकडा होता आणि आकड्याबरोबर इंग्रजी अक्षरंही होती. २ ला ए-बी-सी, ३ ला डी-ई-एफ, असं पुढे. लंडनचा नंबर सात आकडी नसायचाच. आधी एक्स्चेंजचं नाव, मग चार आकडे. आमचं एक्स्चेंज 'ग्लॅडस्टन'. नावाची पहिली तीन अक्षरं फिरवायची, जी-एल-ए, आणि मग आकडे.

मी घरी पत्रात लिहिलं, "आमचा फोन ग्लॅडस्टन अमुक अमुक." आईला वाटलं, हे गावाचंच नाव. तिचं उलट पत्र आलं, "तुमच्या गलादस्तानात थंडी फार आहे म्हणतात. कानाला बांधत जा." हे कितीतरी दिवस हसत होते. मला मात्र भरून आलं. लेक कुठे दिली आहे, त्याचं एक नाव आईला मिळालं होतं.

आणि आईचं अगदीच चुकलं होतं असंही नाही. आमच्या घराजवळच ग्लॅडस्टन पार्क होतं. चार वेळा इंग्लंडचे पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन तिथल्या डॉलिस हिल हाउसमध्ये पाहुणे म्हणून येऊन राहत. त्यांच्या नावाने १९०१ साली ते पार्क झालं. संध्याकाळी मी तिथे फिरायला जाई. अनोळखी देशात निदान आपल्या फोनचं नाव आपल्या पायाखालच्या गवताचं आहे, एवढाही आधार वाटे.

घरमालकीणबाईंची शाळा

क्रिकलवुडच्या फोनचं नाव क्रिकलवुडच का नाही, असं मी एकदा घरमालकीणबाईंना विचारलं. बाई खूश! कारण त्या स्वतः लग्नाआधी टेलिफोन ऑपरेटर होत्या.

त्या म्हणाल्या, "क्रिकलवुडची तीन अक्षरं फिरवून बघ." सी-आर-आय. आकडे येतात २-७-४. "आता ब्रिक्स्टनची फिरव." बी-आर-आय. तेच २-७-४! ब्रिक्स्टन लंडनच्या दुसऱ्या टोकाला. यंत्राला अक्षरं कळत नाहीत, आकडेच कळतात. दोन नावांचे आकडे सारखे आले तर फोन भलतीकडेच जायचा. १९२७ साली होबर्नपासून लंडनला आपोआप चालणारी एक्स्चेंज सुरू झाली, तेव्हापासून हा हिशेब सांभाळावा लागे. शिवाय नाव फोनवरून स्पष्ट ऐकू आलं पाहिजे. म्हणून मग माणसांची, फुलांची, कवींची नावं शोधून काढली. हॅरोला 'बायरन', कारण तो कवी तिथल्या शाळेत शिकला. हायबरीला 'डिकन्स', चेल्सीला शिल्पकाराचं नाव 'फ्लॅक्समन', हार्लेस्डनला संगीतकार 'एल्गर', गोल्डर्स ग्रीनला 'स्पीडवेल' हे फुलाचं नाव. ब्रिटिश म्युझियमच्या भागाला 'म्युझियम' आणि केंटिश टाउनला आमचा 'गलिव्हर'!

काही नंबर तर साऱ्या लंडनला पाठ. स्कॉटलंड यार्ड म्हणजे 'व्हाइटहॉल १२१२'. बस-ट्रेनची चौकशी 'ॲबी १२३४'. आमचे हे क्रिकेटवेडे. टेस्ट मॅच असली की 'यू-एम-पी' फिरवून स्कोअर ऐकायचे. 'अंपायर'ची पहिली अक्षरं! आणि 'टी-आय-एम' फिरवलं की एक गोड आवाज घड्याळातली वेळ सांगे. ही सोय १९३६ साली सुरू झाली. त्यासाठी ऑपरेटर बायकांची स्पर्धा घेतली होती आणि एथेल केन नावाची ऑपरेटर त्यात पहिली आली. "आमच्यातलीच ती," असं घरमालकीणबाई अभिमानाने सांगत. ते बोलणारं घड्याळ तयार झालं आमच्या डॉलिस हिलवरच्या पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्रात. त्याच केंद्रातले इंजिनिअर टॉमी फ्लॉवर्स यांनी युद्धात शत्रूचे गुप्त संदेश उलगडायला 'कोलोसस' हे यंत्र बांधलं, हे तर जगाला कितीतरी वर्षांनी कळलं. मी रोज त्या टेकडीखालून भाजी घेऊन जात होते!

मी एकदा सहज विचारलं, "मग तुम्ही नोकरी का सोडली?" बाई म्हणाल्या, "सोडली कुठे? लग्न केलं ना!" तेव्हाचा नियमच तसा. पोस्ट खात्यातल्या बाईने लग्न केलं की राजीनामा द्यायचा. टेलिफोन पोस्टाकडेच होते. तो नियम १९४६ साली गेला, पण तोवर बाईंची उमेदीची वर्षं निघून गेली होती. पुढे नवरा वारला, मूलबाळ नाही. शंभर-दीडशे एक्स्चेंजची नावं मात्र त्यांना आपल्याकडच्या परवच्यासारखी पाठ. संध्याकाळी चहा घेता घेता त्या म्हणून दाखवत.

आणि त्यांनीच मला आग्रहाने एक गोष्ट शिकवली. डोळे मिटून फोन फिरवायला. "एकटी असतेस, पोटुशी आहेस, दिवे कधी जातील सांगता येत नाही. बोटांना भोकं मोजायला शिकव." मला त्याचं हसू येई. पण शिकले.

ती रात्र

१९६५ चा फेब्रुवारी. चर्चिलची अंत्ययात्रा होऊन आठवडाही झाला नव्हता. हे रात्रपाळीला गेलेले. घरमालकीणबाई बहिणीकडे मुक्कामाला. वरचा भाडेकरूही रात्रपाळीचाच. रात्री दोनच्या सुमारास मला कळा सुरू झाल्या. अजून दोन आठवडे अवकाश होता, म्हणून आम्ही निर्धास्त!

भिंत धरून खाली आले. जिन्यातला दिवा लावायला गेले तर तो लागेना. काळोख. हॉस्पिटलचा नंबर लिहिलेला कागद वर राहिलेला. पुन्हा जिना चढायचं बळ नव्हतं. घाम फुटला होता आणि पाय थंडीने गारठलेले.

मग बाईंची शिकवणी आठवली. तबकडीच्या खाली बोट अडतं तिथे शेवटचं भोक शून्याचं, त्याच्या अलीकडचं नऊचं. तीनदा नऊ. त्याला पेनीही लागत नाही. हा ९९९ नंबरसुद्धा बायकांच्या जिवाचं मोल देऊन आला आहे. १९३५ मध्ये विंपोल स्ट्रीटवर एका घराला आग लागून पाच बायका गेल्या. शेजाऱ्याचा फोन एक्स्चेंजच्या रांगेत अडकून राहिला होता. त्यानंतर ३० जून १९३७ पासून लंडनला ९९९ सुरू झाला. धुरात नि अंधारात बोटाने चाचपून सापडावा, असाच तो आकडा आहे.

ॲम्ब्युलन्स निघाली असं कळलं. पण मला आपलं माणूस हवं होतं. कारखान्यात रात्री फोन करायची सोय नव्हती. केंटिश टाउनला आमच्या ओळखीच्या एक वहिनी होत्या. त्यांचा नंबर कुठे लिहिलेला नव्हता, पण 'गलिव्हर'ची गोष्ट मी शाळेत वाचलेली, आणि पुढचे चार आकडे म्हणजे माझ्या वडिलांच्या जन्माचं साल. विसरणार कशी? डब्यातल्या पेन्या चाचपून टाकल्या. जी, चौथं. यू, आठवं. एल, पाचवं. मग वडिलांचं साल.

तीन घंटा झाल्या. मी 'ए' दाबलं आणि कानावर आलं, "कोण? अगं, तू? घाबरू नकोस हं. दाराची कडी काढ आणि पायरीवर बस. मी आलेच."

मराठी शब्द ऐकले आणि मला रडूच फुटलं. पण मी कडी काढून बसले. ॲम्ब्युलन्स आली. वहिनी टॅक्सी करून थेट हॉस्पिटलात हजर, नेसत्या साडीवर ओव्हरकोट. त्यांना आत सोडलं नाही, तरी बाहेर बाकावर उजाडेपर्यंत बसून राहिल्या. पहाटे माझी लेक झाली. ह्यांना निरोपही वहिनींनीच पोचवला.

नावं गेली, आकडे राहिले

पुढे १९६६ पासून लंडनमध्ये एक्स्चेंजची नावं काढून नुसते आकडे आणायला सुरुवात झाली. कारणं खोटी नव्हती. आकडे सारखे न येणारी नवी नावं सापडेनात. परदेशातून थेट फोन लावायचे दिवस आले, आणि देशोदेशीच्या तबकड्यांवरची अक्षरं काही सारखी नव्हती. आकडे मात्र सगळीकडे तेच. लोकांना वाईट वाटलंच. अमेरिकेत तर १९६२ साली सॅन फ्रान्सिस्कोत अशा आकड्यांविरुद्ध चक्क एक संघटनाच निघाली होती. पण यंत्राच्या पुढे कुणाचं चालतं?

आमचं 'ग्लॅडस्टन' ४५२ झालं. जी-एल-ए फिरवलं तरी तेच, ४५२ फिरवलं तरी तेच. बोटाला काही फरक नाही. घरमालकीणबाई मात्र त्या दिवशी फोनसमोर बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "लग्न केलं तेव्हा माझी नोकरी गेली. आज माझी नावंही गेली." मी काही बोलले नाही. चहा करून दिला.

मी आईला नवा नंबर कळवला. तिचं उत्तर आलं, "एवढे आकडे माझ्या लक्षात राहायचे नाहीत. मी आपली गलादस्तानच म्हणणार." शेवटपर्यंत ती तसंच म्हणत राहिली.

लंडनचे कोड पुढे कितीदा बदलले. ०१ होतं, त्याचं ०८१ झालं, मग ०१८१, आणि २००० साली ०२०. पण त्या भागातल्या नंबरांत ते ४५२ अजून आहे. तिथल्या नव्या सुनांना ठाऊकही नसेल की त्या तीन आकड्यांत एक म्हातारा पंतप्रधान बसला आहे.

जुनं तेवढं सोनं असं मी म्हणणार नाही. आज लेकीचा चेहरा बघत बोलता येतं, हे सुख आमच्या आईच्या नशिबी नव्हतं. पण नंबर सगळे फोनच्या पोटात, आपल्या पोटात एकही नाही, हे काही बरं नव्हे.

स्टेशनवरच्या त्या प्रकारानंतर मी घरी दोन गोष्टी केल्या. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चार नंबर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवले. लेकीचा, जावयांचा, डॉक्टरांचा, शेजारच्यांचा. आणि लेकीचा नंबर पाठ केला. नुसता पाठ होईना, तेव्हा बाईंची युक्ती वापरली. दहा आकड्यांचे तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याला एकेक नाव दिलं. एक तुकडा आमच्या जुन्या घराचा नंबर, एक नातवाची जन्मतारीख. आता झोपेतून उठवलंत तरी सांगेन.

तुम्हीही आज रात्री करून बघा. मुलांना फोन बाजूला ठेवायला सांगा आणि विचारा, "आईचा नंबर सांग बघू." नाही आला तर रागावू नका. त्याला एक नाव जोडून द्या. एखाद्या अंधाऱ्या जिन्यात तेच नाव उपयोगी पडेल.